निळीच्या जागी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

संघ झाला. तू म्हणाली होतीस, देशभरातले कबुतरवाले एका खोलीत बसले तर खोलीला दार उरणार नाही. दार शाबूत आहे. डेंटिस्टच्या दवाखान्यातल्या एका खुर्चीचा हात तेवढा निखळला.

भांडण नावावरून पेटलं. डेंटिस्टला 'राष्ट्रीय' आधी हवं होतं. किनाऱ्याकडचे म्हणाले, आधी 'कबुतर' हवं, उडणार तर तेच आहे. शेवटी 'राष्ट्रीय कबुतर शर्यत संघ' ठरलं. किनाऱ्याकडचे 'निदान शर्यतीच्या आधी तरी आलं' म्हणत चहाला बसले. डेंटिस्टला अध्यक्ष व्हायचं होतं, पण लोकांनी मला केलं. म्हणे, घड्याळजी आहे, हा वेळेत खोटं करणार नाही. मी आपला मान खाली घालून गालातल्या गालात हसलो.

नियम मी लिहिले. शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाखराच्या पायात रबरी कडी घालायची. पाखरू घरी उतरलं की ती कडी काढून घड्याळात टाकायची, घड्याळ वेळ छापतं. आणि सगळ्यात मोठा नियम: आपल्या पाखराला आपण कडी घालायची नाही, दुसऱ्याने घालायची. यावर टाळ्या पडल्या, ताई. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईही सभासद झाल्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्याची सगळी ढाबळ वाटून टाकली, एक तांबडं कबुतर तेवढं ठेवलं. संध्याकाळी दाण्यांचा डबा वाजवतात आणि ते कुठे असेल तिथून येतं. म्हणाल्या, याला एकदा लांबून घरी येताना बघायचंय. त्यांचे हे नेहमी म्हणायचे, लांबून आलेलं पाखरू वेगळंच दिसतं.

आता तुझ्याकडे काम. पहिली राष्ट्रीय शर्यत एप्रिलमध्ये, आणि पाखरं तुझ्या स्टेशनातून सुटणार. पार्सल ऑफिसात तुझ्याइतकं विश्वासाचं कोण आहे? काकांच्या गच्चीवर मला कबुतर हातात धरायला तूच शिकवलंस. निळी पण असणार. यंदा तिच्या तोडीचं पाखरू कुणाकडे नाही, हे मी नाही, डेंटिस्ट म्हणतो, आणि दात खाऊन म्हणतो.

तुझा,
घुम्या

१३ फेब्रुवारी

घुम्या,

अध्यक्ष झालास म्हणून पत्र चार पानी झालं. लहानपणी तुला हाक मारली तर हुंकार द्यायला अर्धा दिवस लागायचा, म्हणून तर हे नाव पडलं.

सोडीन मी पाखरं. इथं दिवसभर लोकांच्या पेट्या आणि गाठोडी वजन करते, त्यातलं काही स्वतःहून घरी जात नाही. ही जातील, तेवढाच बदल.

पण एक अट आहे. मला फक्त माझ्या डोक्यावरचं आभाळ दिसतं. मधल्या डोंगरांचं आणि तुझ्याकडचं तू सांगायचं. वेडंवाकडं काही दिसलं तर 'थांब' म्हणायचं, मग खुर्चीत मंत्री बसलेला असो नाहीतर तुझा डेंटिस्ट. बाबा म्हणायचे, पाखरू सोडायला अक्कल लागत नाही, न सोडायला लागते. तू तेव्हा लहान होतास, तरी ऐकलं असशीलच, ते दिवसातून दोनदा म्हणायचे.

निळीला माझ्या हातचे चार दाणे नक्की.

ताई

९ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र पेटाऱ्यांबरोबर येत आहे. सगळ्यांना शिशाची सीलं लावली आहेत. पाणी बाहेरच्या पन्हाळीतूनच पाज, उघडू नकोस. मंत्री उद्या सकाळी तुझ्याकडे निशाण दाखवतील.

शर्यत झालीच पाहिजे. पुढे ढकलली तर किनाऱ्याकडचे वेगळा संघ काढणार आहेत, तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. दोन वर्षांची खटपट आहे.

डेंटिस्टला यायला उशीर झाला, म्हणून माझ्या पेटाऱ्याचं मी एकट्यानेच उरकलं. त्यात निळं पाखरू दिसेल. त्याच्याशी गप्पा मारत बसू नकोस, बुजतं.

घुम्या

१२ एप्रिल

घुम्या,

तुझं पत्र नाही, फोन नाही. फोनवर तसाही तू दोन शब्दांपलीकडे जात नाहीस. तेव्हा मीच लिहिते.

त्या सकाळी डोंगरांच्या बाजूचं आभाळ मळकट होतं, चहा सांडलेल्या चादरीसारखं. पाखरं पाणी पीत नव्हती. बाबांची पाखरं अशी गप्प बसली की ते ढाबळीचं दार बंद करायचे. म्हणून स्टेशनमास्तरांच्या खोलीतून तुला फोन केला. तू म्हणालास, "इकडे निरभ्र आहे, ताई. सोड."

तरी माझा हात जाईना. मंत्री सारखे मनगट बघत होते, पण त्यांची मला काय पत्रास? लोकांना वाट बघायला लावायचाच तर मला पगार मिळतो. मी पेटाऱ्यांसमोरून एक फेरी मारली आणि मला तुझी निळी दिसली, मान ताठ करून बसलेली. म्हटलं, या पोराचा जीव हिच्यात अडकलाय. हिला पाठवलंय म्हणजे यानं दहा वेळा आभाळ बघून पाठवलंय. त्या भरवशावर मी पेटाऱ्यांच्या दोऱ्या ओढल्या.

सगळी एकदम उठली. टाळ्या झाल्या. दुपारच्या आत डोंगरांवरून असा वारा आला की मालधक्क्याचे पत्रे उडून रुळांवर पडले, आणि मग गारा. मी टेबलाखाली बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच, की आत्ता ती डोंगरांवर असतील.

किती आली? खरं सांग. माझ्या हातांकडे मला बघवत नाही.

ताई

३० एप्रिल

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला.

फार थोडी आली. जी आली त्यांतली काही चालत आली म्हणावं इतकी मोडलेली होती. देशभरातून तारा येत होत्या आणि प्रत्येकीत तेच. पहिले काही दिवस इथल्या सगळ्या गच्च्यांवर माणसं डोंगरांकडे बघत उभी असायची. आता हळूहळू खाली उतरली आहेत. शिंपीणबाई अजून संध्याकाळी डबा वाजवतात. माझ्या दुकानात ऐकू येतो. परवा शर्यतीचं घड्याळ घेऊन आल्या. मला वाटलं परत करायला आल्यात. म्हणाल्या, किल्ली नीट बसत नाही, बघा जरा. बंद पडलं आणि नेमका तांबडा आला तर?

मी दुरुस्त करून दिलं. त्यांच्याकडे न बघता दिलं.

डेंटिस्ट घरी आला होता. त्याची सगळी गेली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, अध्यक्ष, तुमची तर निळी गेली, तुम्हाला कोण काय बोलणार? किनाऱ्याकडच्यांचंही पत्र आलं. लिहितात, अध्यक्षांनी आपलं सगळ्यात मोलाचं पाखरू आमच्याबरोबर पाठवलं, आम्ही संघ सोडत नाही. म्हणजे संघ टिकला, ताई. मला ते पत्र दोनदा वाचवलं नाही.

तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. तू विचारलंस, मी सोड म्हणालो. चूक तुझी नव्हती, हे मी लिहून देतो.

घुम्या

२१ मे

घुम्या,

बसला असशील तर उठ. निळी सापडली!

आमच्या मालधक्क्याचे नवे पत्रे घालायला माणसं आली होती. त्यांनी जुन्या पोत्यांमागून एक कबुतर काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. नुसता पिसांचा सांगाडा, उजवा पंख लोंबलेला. पण निळा रंग, पंखावर दोन काळ्या पट्ट्या, एका पायात शर्यतीची रबरी कडी आणि दुसऱ्यात तुझी, दोन काट्यांची खूण असलेली, पिल्लूपणी घालतोस ती. मी ऑफिसातच मोठ्याने रडले. मास्तरांना वाटलं घरी कुणी गेलं.

बघ ना, वादळातून उडून परत जिथून सुटली तिथेच आली. तुझं घर सापडलं नाही तर ताईचं सही.

पंख मी बांधलाय. खायला लागलीय. संघाची वार्षिक सभा जूनमध्ये आहे ना? मी रजा टाकते. स्वतः घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर तुझ्या हातात देईन. दीड महिना माझा जीव थाऱ्यावर नव्हता रे. एक तरी मी परत देऊ शकले, असं होईल. त्या शिंपीणबाईंनाही वाटेल, एक आलं तर दुसरंही येईल.

कुणाला आधी सांगू नकोस. मजा जाईल.

ताई

२६ मे

प्रिय ताई,

येऊ नकोस. तुझ्या पाया पडतो.

इतक्या लोकांची गेली आणि अध्यक्षांची तेवढी आली, हे बरं दिसणार नाही. लोकांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. तिला तुझ्याकडेच ठेव. तुझा लळा लागला असेल. कुणाला सांगूही नकोस. प्रवास लांबचा आहे, तुझे गुडघे दुखतात.

घुम्या

८ जून

घुम्या,

तुझं पत्र वाचून आधी माझे डोळे भरून आले. म्हटलं, केवढं मोठं मन झालं आमच्या पोराचं. लोकांना वाईट वाटू नये म्हणून आपलं पाखरू परत नको म्हणतो. मास्तरांना वाचून दाखवलं. हे आधी लिहिते, कारण नंतर मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

निळी बरी झाली. पंख सरळ होणार नाही, पण अंगावर मांस आलं. आणि गेल्या आठवड्यात सकाळी मी कुलूप उघडून आत जाते तर ही बया वजनकाट्यापाशी. मान फुगवलेली, शेपूट जमिनीला घासतेय, आणि माझ्या पितळी वजनाभोवती गोल गोल फिरून घुमतेय. वजनाला मुजरा काय करते, लाडात काय येते. मी हसून हसून खाली बसले. असं घुमतो तो नर. म्हटलं, अरे, आमच्या अध्यक्षांना नर-मादी कळत नाही! इतकी वर्षं नराला निळीबाई म्हणतोय! तुला चिडवायला कागदही काढला.

दोन ओळी लिहिल्या आणि हात थांबला. कारण तुला कळतं. काकांच्या गच्चीवर तू अंड्यातून निघालेल्या पिल्लाला बघून सांगायचास. आणि निळीने तर गेल्या वर्षी अंडी घातल्याचं तूच कळवलं होतंस.

मग हा कोण? एका घरट्यात दोन पिल्लं होतात, बहुधा एक नर आणि एक मादी. हा तिच्याच पाठचा भाऊ आहे ना? तिच्या जागी तिचा भाऊ बसवलास. डेंटिस्टला उशीर झाला आणि तू एकट्याने उरकलंस. आपल्या पाखराला आपण कडी घालायची नाही, हा नियम कुणाचा होता रे?

'गप्पा मारत बसू नकोस, बुजतं.' मी पत्र पुन्हा काढून बघितलं. त्यात निळी आहे असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. निळं पाखरू, एवढंच. फोनवरही तू खोटं बोलला नाहीस. तुझ्याकडे निरभ्रच असेल. घड्याळजी, तू किती बारीक काम करतोस.

मी त्या दिवशी आभाळावर विश्वास ठेवला नव्हता. मंत्र्यावर नाही, तुझ्या शब्दावरसुद्धा पुरता नाही. मी निळीवर विश्वास ठेवून दोऱ्या ओढल्या. तुला भीती वाटली होती हे मला कळलं असतं तर एकही पाखरू उठलं नसतं. म्हणजे माझ्या हातांनी तू ते करून घेतलंस.

मी सभेला येत नाही. तुला उघडं पाडायला मी इतक्या लांब येणार नाही. ते काम तुझं आहे.

नर माझ्याकडेच राहील. त्याचं नाव मी घुम्या ठेवलंय. हा निदान तोंड उघडतो.

निळी कुठे आहे?

ताई

२ ऑगस्ट

ताई,

निळी दुकानात होती. मागच्या खोलीत, भिंतीवरच्या घड्याळांच्या आड. गिऱ्हाईक आलं आणि ती आवाज करायला लागली की मी कुठल्यातरी घड्याळाचे टोले चालू करायचो. लोक म्हणायचे, अध्यक्ष, तुमची घड्याळं हल्ली वेळी-अवेळी वाजतात. मी म्हणायचो, जुनी झालीत.

पाखरं पेटाऱ्यात भरायच्या दिवशी दुपारी मी भिंतीवरच्या बॅरोमीटरला टिचकी मारली. काटा पडला. पुन्हा मारली, आणखी पडला. बाहेर लख्ख ऊन होतं. बाहेर लोक एकमेकांच्या पाखरांना कड्या घालत होते, हसत होते. शिंपीणबाईंनी त्यांच्या तांबड्याला माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "याला तुम्हीच घाला कडी. तुमच्या हाताला यश आहे." मी घातली. मग आत येऊन निळीला पेटाऱ्यातून बाहेर काढलं आणि तिचा भाऊ आत ठेवला.

शर्यत थांबवायची हिंमत झाली नाही. संघ मोडेल, डेंटिस्ट हसेल, टाळ्या जातील. काटा पडला म्हणून वादळ येतंच असं नाही, असं मी मनाला सांगितलं. पण ते खरं मानलं असतं तर निळीला मी बाहेर काढलंच नसतं.

तुझं पत्र आल्यावर सभेला मी तिला घेऊन गेलो. टेबलावर पेटारा ठेवला आणि सांगितलं. जेवढं तुला लिहिलंय तेवढंच. तुझं नाव घेऊन सांगितलं, की ताईलाही मी फसवलं. वाटलं होतं लोक अंगावर येतील. कुणी उठलंसुद्धा नाही. डेंटिस्टने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "आणि मी तुमचं सांत्वन करायला आलो होतो." एवढंच म्हणाला. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, ताई.

अध्यक्ष आता तो आहे. घड्याळं माझ्याकडेच ठेवली, दुसऱ्या कुणाला येत नाहीत म्हणून. पण सील लावताना आता दोन माणसं माझ्या दोन्ही बाजूंना उभी राहतात. त्यांनाही अवघडल्यासारखं होतं. ती दुसरीकडे बघतात आणि मग आठवण झाल्यासारखी माझ्या हातांकडे बघतात.

सभा संपल्यावर मी निळीचा पेटारा शिंपीणबाईंपुढे केला. म्हटलं, ही तुमची. त्यांनी वाकून पेटाऱ्यात बघितलं. मग विचारलं, "इतके दिवस कोंडून ठेवली होती हिला?" मी हो म्हणालो. त्या पेटारा घेऊन गेल्या.

त्यांनी तिला महिनाभर आपल्या ढाबळीत ठेवली, नवं घर ओळखावं म्हणून. मग एका संध्याकाळी डबा वाजवत दार उघडलं. तुला माहीत आहे काय झालं असेल ते. माझ्या गच्चीवर ती उतरली तेव्हा मी पायऱ्यांवर बसलो होतो. सरळ माझ्या खांद्यावर आली.

मी तिला पेटाऱ्यात घालून गल्लीतून परत नेली. त्या गल्लीत घरटी एक ढाबळ आहे आणि निम्म्या ढाबळी अजून रिकाम्या आहेत. लोक दारांत उभे होते, पेटाऱ्यात कोण आहे ते सगळ्यांना कळत होतं. शिंपीणबाईंनी दार उघडून तिला घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या गच्चीवर. मी पुन्हा नेली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा त्या मशिनीवर बसल्या होत्या. उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आता नका आणू. ती आपल्या घरी येते, तिला कशाला शिक्षा?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पुन्हा शिवायला लागल्या. मी पेटारा घेऊन घरी आलो.

तर निळी इथेच आहे. संध्याकाळी सोडतो. जाडी झालीय, फार लांब जात नाही. मी नुसता दारात उभा राहिलो तरी येते, शीळसुद्धा घालावी लागत नाही. हातावर बसून दाणे खाते, आणि मागच्या गल्लीत डबा वाजायला लागला की खाणं थांबवून मान वाकडी करून ऐकते. डबा थांबेपर्यंत मी हात तसाच धरून ठेवतो.

तुझ्याकडच्या घुम्याला माझ्या वाटचे चार दाणे घाल. त्याचं मी काहीच विचारलं नाही, हे पत्र लिहिता लिहिता आठवलं.

तुझा भाऊ